दाराची ओळ

निवृत्तीनंतर आता निवांत बसा, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी मला कधी बसलेली पाहिलीच नव्हती. पायाला भिंगरी म्हणतात ती माझ्या जन्मापासून आहे. हे लिखाणसुद्धा स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं चाललं आहे आणि मधूनमधून अंगणात एक फेरी होते आहे. दिवाळी आली की ही तगमग वाढते. फराळाचे डबे भरतानाही आतून कुणीतरी ढोसत असतं, की नाताळला दिवस किती उरले आणि पोरांचं अजून एकही गाणं बसलेलं नाही! शाळा सुटली, पोरं सुटली, हे ढोसणं काही सुटलेलं नाही.

मी एका कॅथलिक हायस्कुलात संगीत शिकवलं. गाव प्रवरेच्या कालव्यावरचं, उसाचं. नाव देत नाही, कारण तिथली माणसं मला अजून संगमनेरच्या बाजारात भेटतात आणि भाजी निवडायची सोडून हिशेब विचारतात. मी भजनी घरातली. वडील पेटी वाजवायचे, त्यामुळे सूर कानात होता. पण चर्चमधली मिस्सा म्हणजे काय, नऊ दिवसांची नोव्हेना म्हणजे काय, हे मला पोरांनीच शिकवलं. माझ्या गायन मंडळात ख्रिस्ती मुलं निम्मीही नसत. बाकीची मराठ्यांची, धनगरांची, दोन-चार मुसलमानांची. पाहुणे आले की हे बघून त्यांचे डोळे पाणावत आणि ते एकतेवर भाषण करत. मला त्या वेळात तालीम बुडाल्याचा राग यायचा. आम्ही फक्त सूर बघायचो हो, बाकी काही नाही.

गायन मंडळं दोन. पाचवी ते सातवीचं लहान, आठवी-नववीचं मोठं. दहावीला मंडळ बंद, कारण बोर्डाचं वर्ष आलं की आईबापांना गाणं म्हणजे चोरी वाटायला लागते. निवड करताना मी मुलाला गाणं म्हणायला सांगतच नसे. पाठ केलेलं गाणं म्हणताना मूल दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात गातं. मी सांगायची, पटांगणाच्या त्या टोकाला तुझा मित्र उभा आहे, त्याला हाक मार. हाक मारताना खरा आवाज बाहेर येतो. तो ऐकायचा आणि ठरवायचं. एकदा एक आई मुलीला घेऊन आली. म्हणाली, ‘टीचर, हिला टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवायचीय, गाणं तिला येतं, तुम्ही फक्त हातवारे शिकवा.’ मी म्हटलं, हाक मारायला सांगा. मुलगी म्हणाली, आमच्याकडे कुणाला हाका मारत नाहीत, फोन लावतात. तिला घेतली मी, पण पूर्ण जूनभर नुसत्या हाका मारायला लावल्या.

पट्टी हा दुसरा ताप. पट्टी म्हणजे पेटीवरची कोणती पट्टी ‘सा’ धरायची ते. मुली काळी चारला मजेत असतात. आवाज फुटलेली नववीची मुलं काळी एकच्या वर गेली की ओरडायला लागतात. दोघांना एकत्र गायला लावायचं म्हणजे सासूसुनेला एका चुलीवर बसवायचं. त्यात डिसेंबर. डिसेंबरात माझे दुश्मन दोन, बोरं आणि ट्रॅक्टर. बोरं खाऊन पोरांचे घसे बसत. मी खिसे तपासायची, तर पोरी दप्तराच्या तळाशी बोरं लपवत. आणि गळीत हंगाम सुरू झाला की शाळेसमोरून उसाच्या जोडट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जात, त्यांच्यावर हे एवढाले कर्णे बांधलेले. त्यांच्या गाण्याची पट्टी आमच्या पट्टीत घुसली की सगळं मंडळ त्या ट्रॅक्टरमागे कारखान्यापर्यंत जायचं.

हे सगळं कशासाठी, तर नाताळच्या फेरीसाठी. ही फेरी बाकी कुठे कशी असते मला ठाऊक नाही, आमच्याकडची सांगते. नाताळच्या आधीच्या आठवड्यात, ऊन उतरलं की मोठं मंडळ गावातल्या आणि वस्त्यांवरच्या ख्रिस्ती घरी गायला जायचं. पेटी आणि ढोलकी टेम्पोत, पोरं पायी. प्रत्येक घराचं दार मुद्दाम लावलेलं असे. दारासमोर सगळे गप्प उभे राहत आणि एकच मुलगी, पेटी नाही, ढोलकी नाही, नुसत्या आवाजात एक ओळ गायची: ‘बाहेर थंडी फार, माउली, उघड आता दार.’ पोटुशी मारिया मुक्कामाला जागा शोधत दारोदार फिरते, त्या गोष्टीतली ओळ. ती संपली की दार उघडायचं आणि मग सगळ्या मंडळानं गाणं उचलायचं. तिला आम्ही दाराची ओळ म्हणायचो. ती कोण गाणार हे मी सप्टेंबरात ठरवायची आणि त्या मुलीचं नाव गावभर होई. मुलींनी त्यावरून एकमेकींशी अबोले धरलेले मी पाहिलेत.

फेरीचा एक नेम होता. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, ते घर दारावर कागदी चांदणी लावत नसे. चांदणी नाही म्हणजे दुखवटा. तिथे गायचं नाही. नुसतं गायचं नाही असं नव्हे, ते घर मागे पडेपर्यंत आवाज बंद करायचा, ढोलकीवर हात ठेवायचा आणि खाली बघून पुढे जायचं. यातून एकदा भलतंच झालं. रोजाआजीच्या दारावर चांदणी नव्हती. आम्ही माना खाली घालून निघालो, तर म्हातारी काठी घेऊन मागे धावली. ‘आगं ए बया! आमी काय मेलो व्हय? नातवानं चांदनी आनली न्हाई अजून, तर तुमी मला जित्तेपनी गाडली?’ तिला दोन गाणी जास्त म्हणून दाखवावी लागली, तरी नातवाला शिव्या चालूच होत्या. पोरं आठवडाभर हसत होती.

आता ज्या फेरीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते. आत्तापर्यंत चालढकल केली, हे माझ्याही लक्षात आलं आहे.

मार्था साळवे पाचवीत आली तेव्हापासून तिला दाराची ओळ हवी होती. लहान मंडळात असताना ती मोठ्या मंडळाच्या तालमीला खिडकीबाहेर उभी राहायची, आणि मी हाकललं की दुसऱ्या खिडकीशी जायची. आवाज चांगला होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला कळायचं, की ही ओळ कुणाला ऐकवायची नाही, कुणाला तरी विनवायची आहे. तिचा बाप सायमन कारखान्यात फिटर. तोही माझाच विद्यार्थी, माझ्या पहिल्या वर्षांतला. आई सुमन घरी शिवणकाम करायची. थोरला भाऊ अमोल, वीस वर्षांचा, मार्थाला सायकलवर तालमीला सोडायचा आणि आमची ढोलकी कुणाचं लक्ष नसताना बडवून जायचा. मार्था आठवीत होती तेव्हा अमोल फेब्रुवारीत गेला. रस्त्यात बंद पडून अंधारात उभी राहिलेली उसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, आणि मोटारसायकल. हंगामात आमच्या भागात हे इतक्या वेळा होतं, की लोक हळहळतात आणि पुन्हा त्याच रस्त्यानं जातात. मला त्याचा संताप येतो आणि त्या संतापाचं काय करायचं ते कळत नाही.

मार्था नववीत गेली. म्हणजे तिचं शेवटचं वर्ष. ओळ मिळायची तर याच नाताळला. जूनमध्ये ती मंडळात येऊन उभी राहिली, पण तोंड उघडेना. विचारलं तर म्हणाली, ‘पप्पांनी सांगितलंय, वर्षभर गायचं न्हाई. मी नुसती उभी राहिले तर चालंल का, टीचर?’

मी कारखाना सुटायच्या वेळेला रस्त्यात सायमनला गाठलं. तो सायकलवरून उतरला, टोपी काढली. मी म्हटलं, ‘सायमन, अरे तिचं शेवटचं वर्ष आहे.’

‘टीचर, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो न्हाई. पन हिच्या आईला सोसत न्हाई. घरात कुनी गुनगुनलं तरी ती उठून जाती. टीव्ही बंद हाय आमचा. एकदा अमोलच्या मोबाईलवर गानं लागलं, तर मोरीत जाऊन कडी घालून बसली. मी काय करू, सांगा.’

मी परत फिरले. सप्टेंबरात पुन्हा गेले, तेव्हाही हेच. सुमनला विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नाही. घरातल्या बाईच्या वतीनं पुरुष बोलला की ते खरं धरायची सवय गावाला आहे, आणि मी त्याच गावात पगार घेत होते.

दाराची ओळ मी मंडळातल्याच कोमलला दिली. आवाज गोड, पण श्वास कमी. तिला ती ओळ शिकवली कोणी? मार्थानं. मधल्या सुट्टीत दोघी पाण्याच्या टाकीमागे उभ्या असायच्या. ‘तिथं नको तोडू, माउलीच्या आधी दम घे,’ असं मार्था सांगायची आणि म्हणून दाखवायची वेळ आली की नुसता हात वर-खाली करायची. सूर हातानं दाखवायची. मी ते लांबून बघायची आणि मला वर्गात बसवत नसे. स्टाफरूममधून पटांगण, पटांगणातून स्टाफरूम. फादर डॉमनिक, आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक, म्हणाले, ‘टीचर, तुमच्या चपला झिजतील.’ मी म्हटलं, ‘फादर, तुम्ही त्या घरी जाऊन बोला ना.’ ते म्हणाले, ‘दुखवट्यात आपण कुणाला घाई करू नये.’ बरोबरच होतं त्यांचं. बरोबर बोलणाऱ्या माणसांशी भांडता येत नाही, हा माझा आयुष्यभराचा वैताग आहे.

डिसेंबर आला. फेरीत चालायला तरी येऊ द्या, असं मार्थानं घरी विचारलं. सायमननं परवानगी दिली. चालंल, पन गायचं न्हाई.

ती लोकरीची लाल टोपी घालून आली आणि रांगेच्या मधोमध चालू लागली. दारं लागत होती, कोमल ओळ म्हणत होती, दारं उघडत होती, करंज्या-शंकरपाळी पोरांच्या खिशात जात होती. प्रत्येक दारात मार्थाचे ओठ घट्ट मिटलेले आणि उजवा हात मांडीशी वर-खाली होत होता. तिला ते माहीतसुद्धा नसावं.

साळव्यांची गल्ली आली. गल्लीत सगळीकडे चांदण्या, त्यांच्या दारावर नाही. मी हात वर केला. गाणं थांबलं, ढोलकीवर तळवा पडला. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद करून टेम्पो ढकलत आणायला सुरुवात केली, इतका तो नेम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. नुसता चपलांचा आवाज. मार्था माना खाली घातलेल्या मुलींच्या मधून स्वतःच्या घरावरून तशीच मान खाली घालून चालली होती.

आणि दार उघडलं. सुमन उंबऱ्यावर उभी.

‘का थांबलात?’

मी पुढे झाले. हळू आवाजात म्हटलं, ‘सुमन, घरात दुखवटा आहे ना, म्हणून...’

‘गानं नको म्हनून कुनी सांगितलं?’

तिच्यामागून सायमन बाहेर आला, खांद्यावर टॉवेल. ‘सुमे, आत चल. पोरं जाऊ दे.’

‘न्हाई. मी टीचरला इचारते. कुनी सांगितलं?’

‘मी सांगितलं,’ सायमन म्हणाला. ‘तुला सोसत न्हाई म्हनून. मोबाईलवर गानं लागलं तवा मोरीत कडी घालून कोन बसलं हुतं?’

‘तुमी बघू नये म्हनून बसले हुते! तुमच्याम्होरं रडले का तुमी जेवत न्हाई. ताट सरकवून उठता. मग मी कुठं रडायचं?’ तिचा आवाज चढला. ‘मला वाटलं, तुमालाच गानं नको. म्हनून मी गप.’

सायमन म्हणाला, ‘आन् मी तुझ्यासाठी गप.’

‘मग ही कुनासाठी गप हाय?’ सुमननं मार्थाकडे बोट केलं. ‘पोरगं देवानं नेलं. पोरगी आपन मुकी केली. रस्त्यानं बोलत येनारी मानसं आपल्या दाराशी आली का गप व्हत्यात. त्यो भाजीवाला सुदिक आपल्या दारात वरडत न्हाई. आता ही लेकरंबी! मेल्यावानी वाटतं मला हितं.’

गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. सगळं मंडळ मातीकडे बघत उभं. सुमननं पदरानं तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाली, ‘मार्थे, तू म्हन. थांब, दार लावून घेते. मग म्हन.’

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. सायमन बाहेरच राहिला, आमच्यात.

कोमल न सांगता बाजूला सरकली. मार्था दारासमोर आली. सगळे वाट बघत होते. तिनं तोंड उघडलं आणि ‘बाहेर’ म्हटलं, आणि सूर खाली लागला. इतके महिने गळा बंद ठेवला तर दुसरं काय होणार?

‘खाली लागलाय,’ मी म्हटलं. ‘परत.’

तोंडातून गेलं ते गेलं. पोरं माझ्याकडे बघायला लागली. शेजारची एक बाई म्हणाली, ‘अवो टीचर, आजच्या दिवशी तरी असू द्या की.’

मार्थानं टोपी काढून हातात घेतली. ‘नको मावशी, खालीच लागला हुता,’ असं म्हणाली आणि हसली. नववीच्या पूर्ण वर्षात ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. फेब्रुवारीपासून सगळे तिच्याशी हळू बोलत होते; चुकलीस, परत म्हण, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

तिनं परत घेतली. ‘बाहेर थंडी फार, माउली...’ दम जिथे घ्यायचा तिथेच घेतला. ‘...उघड आता दार.’

सूर लागला. नेमका लागला. दार मात्र उघडेना.

बाकीच्या घरांत ओळ संपता संपता कडी वाजते. इथे काहीच वाजलं नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मार्था हलली नाही. सायमन एक पाऊल पुढे टाकून थांबला. मला तर जागेवर उभं राहवेना, पण हलायची हिंमतही होईना. मग मार्थानं मी न सांगता ओळ पुन्हा म्हटली, आधीपेक्षा हळू, दाराच्या फळीला तोंड जवळ नेऊन. तेव्हा कडी निघाली. सुमन दोन्ही हातांनी दार धरून उभी होती.

मंडळानं गाणं उचललं. ढोलकी एका मात्रेनं उशिरा आली, पेटीवर माझी बोटं कुठे पडली मला आठवत नाही. मागच्या रांगेतून एक जाडाभरडा आवाज येऊ लागला, चुकत, दबत. वळून बघितलं तर सायमन. नववीच्या पोरांच्या रांगेत शिरला होता आणि हनुवटी छातीला लावून गात होता. तसं गायलं की गळा आवळतो आणि सूर आतच राहतो. पोरांना मी दिवसातून पन्नास वेळा बजावायची.

‘सायमन, मान वर,’ मी सवयीनं ओरडले.

त्यानं मान वर केली. तेव्हा मला कळलं, ती खाली का होती. तोंड सगळं भिजलेलं होतं, गल्लीतल्या सगळ्यांना आता दिसत होतं, आणि उंबऱ्यातून सुमन बघत होती. मी पुन्हा काही म्हटलं नाही. पण त्यानंही, गाणं संपेपर्यंत, मान पुन्हा खाली घातली नाही.